सोयाबीनच्या टाकीतील पांढरा साका

माळव्यातील शेतकऱ्यास सोयाबीन हे पीक आता नवे राहिलेले नाही. इंदूर, उज्जैन, देवास या भागांतील काळ्या रानात पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे हेच पीक उभे असते, आणि या पिकाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही इंदुरासच आहे. बी गिरणीत गेले, तेल निघाले, पेंड उरली, की व्यवहार पुरा झाला असे आपण समजतो. परंतु त्या तेलात एक मेणचट पांढरा पदार्थ अगदी अल्प प्रमाणात विरघळलेला असतो. त्या पदार्थापासून मनुष्याच्या शरीरातील संप्रेरके कारखान्यात तयार करण्याचे काम ज्या रसायनशास्त्रज्ञांनी केले, त्यांत पर्सी लॅव्हॉन ज्युलियन या अमेरिकन संशोधकाचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. ज्युलियन यांच्यावर लिहिणारे पुष्कळ लोक त्यांस 'कॉर्टिझोनचे जनक' म्हणून गौरवितात. हा गौरव त्यांचा नव्हे, आणि त्यांस त्याची गरजही नाही. दुसऱ्याचे यश त्यांच्या पदरात टाकून आपण त्यांचे स्वतःचे यश झाकून टाकतो. शिवाय, विद्यापीठात बसून शुद्ध संशोधन करण्यासाठीच जणू जन्माला आलेला हा मनुष्य तेलाच्या कारखान्यात कसा जाऊन पोहोचला, हा प्रश्न त्या गौरवाच्या गर्दीत हरवून जातो. माझ्या मते ज्युलियन यांच्या चरित्रातील खरा प्रश्न हाच आहे.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी या गावी झाला. वडील रेल्वेच्या टपालखात्यात कारकून, आई शिक्षिका. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. लिहावयास शिकले या अपराधाबद्दल त्यांच्या हाताची दोन बोटे छाटण्यात आली होती, असे ज्युलियन सांगत असत. गुलामगिरी कायद्याने संपली होती; परंतु माँटगोमेरीत कृष्णवर्णीय मुलाला आठवीच्या पुढे शिकावयाचे तर शिक्षक तयार करणाऱ्या एका शाळेखेरीज दुसरा मार्ग नव्हता. तेथील शिदोरीवर हा मुलगा १९१६ साली उत्तरेकडे, इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावच्या डीपॉ विद्यापीठात दाखल झाला. प्रवेश मिळाला तोही अर्धवट. दिवसा महाविद्यालयाचे वर्ग आणि त्याच्या जोडीला माध्यमिक शाळेतील राहिलेले विषय, असा दुहेरी अभ्यास त्यास करावा लागला. गावात पहिला दीड दिवस त्यास कोणी जेवावयास वाढीना. पुढे गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाच्या माळ्यावर राहावयाचे आणि त्याच विद्यार्थ्यांच्या पंक्तीला वाढप्याचे काम करावयाचे, अशी सोय लागली. १९२० साली पदवी घेऊन बाहेर पडताना हा माळ्यावरचा विद्यार्थी आपल्या वर्गात पहिला आला होता. त्याच्यामागून भावंडेही शिकावीत म्हणून आईवडिलांनी माँटगोमेरीतील बिऱ्हाड मोडून ग्रीनकॅसल गाठले, आणि साही मुलांना उच्च शिक्षण दिले. हा तपशील मला स्वतःला पदकांपेक्षा मोठा वाटतो.

पदवीनंतर वर्गातील इतर मुलांना मोठमोठ्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास मिळाली नाही. त्याचे गुरू प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांनी विद्यापीठांकडून आलेली पत्रे त्यास दाखविली. तुमच्या या हुशार मुलास पुढे शिकण्यापासून परावृत्त करा, कारण शिकूनही त्यास कोणी नोकरी देणार नाही, असा त्या पत्रांचा मथितार्थ होता. तेव्हा ज्युलियन दक्षिणेतील फिस्क विद्यापीठात अध्यापक झाले. तेथून हार्वर्डची शिष्यवृत्ती मिळून १९२३ साली त्यांनी एम्. ए. केले, परंतु डॉक्टरेटसाठी आवश्यक असणारे साहाय्यक अध्यापकाचे काम त्यांस देण्यात आले नाही, कारण गोरे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकावयास तयार होणार नाहीत अशी तेथील धुरिणांस भीती वाटली. पुढे वेस्ट व्हर्जिनिया, मग वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ, आणि अखेर १९२९ साली रॉकफेलर निधीच्या साहाय्याने व्हिएन्ना. तेथे अर्न्स्ट स्पेट यांच्या हाताखाली वनस्पतीतील अल्कलॉईडांवर काम करून त्यांनी १९३१ साली डॉक्टरेट मिळविली. अल्कलॉईड म्हणजे अफूतील मॉर्फीन, सिंकोना सालीतील क्विनीन यांसारखी नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि बहुधा विषारी द्रव्ये. एखाद्या वनस्पतीतून असे द्रव्य वेगळे काढावयाचे, त्याच्या रेणूची रचना तर्काने आणि प्रयोगाने उलगडावयाची आणि मग तोच रेणू प्रयोगशाळेत साध्या द्रव्यांपासून उभारून तर्क खरा होता हे सिद्ध करावयाचे, ही त्या काळच्या कार्बनी रसायनशास्त्राची सर्वोच्च विद्या. ती विद्या ज्युलियन यांनी व्हिएन्नात आत्मसात केली, आणि तेथील सहकारी योसेफ पिक्ल यांस बरोबर घेऊन ते मायदेशी परतले.

हॉवर्डमध्ये मात्र त्यांचे फार काळ जमले नाही. व्हिएन्नाहून त्यांनी लिहिलेली खासगी पत्रे वृत्तपत्रांतून चव्हाट्यावर आली, आणि १९३२ साली त्यांस राजीनामा द्यावा लागला. या प्रकरणात सगळा दोष इतरांचाच होता असे म्हणता येणार नाही. जीभ तिखट आणि स्वभाव मानी, हे त्यांचे मित्रही मान्य करीत. बेकारीच्या त्या मंदीच्या दिवसांत जुने गुरू ब्लँचर्ड पुन्हा धावून आले, आणि ज्युलियन व पिक्ल हे दोघे डीपॉच्या लहानशा प्रयोगशाळेत संशोधक म्हणून बसले. हाताशी मदतनीस कोण, तर पदवीच्या वर्गातील मुले.

येथे त्यांनी हाती घेतलेला पदार्थ म्हणजे फायसोस्टिग्माईन. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. आज नायजेरियात असलेल्या कालाबार या भागात एका वेलीच्या शेंगांत चॉकलेटी रंगाचे टपोरे बी येते. ते अतिशय विषारी. तेथे आरोपीची परीक्षा या बियांनी घेत. बी वाटून त्याचे पाणी त्यास पाजावयाचे. ओकून टाकले तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. आपल्याकडे मराठेशाहीच्या निवाड्यांत उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयाचे रव्याचे दिव्य होते, त्याच जातीचा हा प्रकार. युरोपीय वैद्यांच्या हाती हे बी आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की त्यातील द्रव्याने डोळ्याची बाहुली आकुंचित होते आणि डोळ्यातील वाढलेला दाब उतरतो. १८७७ पासून काचबिंदूवर त्याचा वापर सुरू झाला. रेणूची रचना १९२५ च्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडमधील संशोधकांनी बांधली होती. परंतु तो रेणू प्रयोगशाळेत कोणी उभारलेला नव्हता.

त्या शर्यतीत ज्युलियन यांच्यासमोर होते ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन. त्या काळी कार्बनी रसायनशास्त्रात रॉबिन्सन यांचा शब्द म्हणजे प्रमाण. १९४७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक वेंकटरामन हे मँचेस्टरला याच रॉबिन्सन यांचे शिष्य होते, म्हणजे हे घराणे आपल्यासही अगदी परके नाही. रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी एकामागून एक निबंध प्रसिद्ध करीत फायसोस्टिग्माईनच्या दाराशी येऊन पोहोचले होते. शेवटच्या पायरीच्या अलीकडील पायरीवर एसेरेथोल नावाचे संयुग येते. ते हाती आले की पुढचा मार्ग ठाऊक होता. आपण एसेरेथोल बनविले आहे, असे ऑक्सफर्डहून जाहीर झाले.

ज्युलियन आणि पिक्ल यांनी आपल्या मार्गाने तेच संयुग बनविले, आणि त्यांच्या लक्षात आले की आपला पदार्थ व रॉबिन्सन यांचा पदार्थ यांचे गुणधर्म जुळत नाहीत. आता दोहोंपैकी एकच खरा. ग्रीनकॅसलसारख्या खेडेवजा गावातील, कायमची नोकरी नसलेला, चाळिशीही न गाठलेला कृष्णवर्णीय संशोधक एका बाजूस आणि ऑक्सफर्डचे रॉबिन्सन दुसऱ्या बाजूस. साधा शहाणपणा असा की आपलेच चुकले असेल म्हणून स्वस्थ बसावे, किंवा निदान भाषा मवाळ ठेवावी. ज्युलियन यांनी तसे केले नाही. १९३५ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी स्पष्ट लिहिले की आमचे संयुग हेच खरे एसेरेथोल आहे, आणि रॉबिन्सन यांचे संयुग दुसरे काही तरी असले पाहिजे.

हे लिहिणे सोपे. ते सिद्ध कसे करावयाचे? आजच्यासारखी रेणूची ओळख क्षणात सांगणारी यंत्रे तेव्हा नव्हती. तेव्हाचा पंच म्हणजे द्रवणांक. प्रत्येक शुद्ध स्फटिकी पदार्थ ठराविक तपमानास वितळतो. बियांतून काढलेल्या नैसर्गिक द्रव्यापासून मिळविलेले एसेरेथोल आणि प्रयोगशाळेत उभारलेले एसेरेथोल यांचे स्फटिकरूप साधित घेऊन त्यांचा द्रवणांक पाहावयाचा. तो जुळला की वाद मिटला. ज्युलियन यांचा द्रवणांक जुळला. त्याच वर्षी त्यांनी पुढची पायरी चढून फायसोस्टिग्माईनचे पूर्ण संश्लेषण प्रसिद्ध केले. पारा किती अंशांवर थांबला एवढ्याच गोष्टीवर त्या दिवशी त्यांचे सारे भवितव्य टांगलेले होते. तो दोन अंश इकडेतिकडे झाला असता, तर त्यांचे नाव रसायनशास्त्रात पुन्हा कोणी घेतले असते की नाही याची शंकाच आहे. रॉबिन्सन चुकले, तरी रॉबिन्सनच राहिले. ज्युलियन यांस चुकण्याची मुभा नव्हती.

या कामाच्या ओघात एक लहानशी गोष्ट घडली. कालाबारच्या बियांतील तेल धुऊन बाजूला ठेवले असता, त्यात पाण्याचा अंश राहिला होता तेथे काही दिवसांनी पांढरे स्फटिक जमलेले दिसले. ज्युलियन यांनी ते फेकून न देता तपासले. तो स्टिग्मास्टेरॉल नावाचा पदार्थ निघाला. ही नोंद आपण ध्यानात ठेवू या, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

फायसोस्टिग्माईनसारखे काम दुसऱ्या कोणी केले असते तर प्राध्यापकपद त्याच्या दारात चालत आले असते. येथे उलटेच झाले. डीपॉमध्ये ब्लँचर्ड यांची इच्छा असूनही विश्वस्तांनी ज्युलियन यांस अध्यापकवर्गात घेण्यास नकार दिला. ड्यू पाँट कंपनीने पिक्ल यांस नोकरी दिली, ज्युलियन यांस नाही. विस्कॉन्सिनमधील ॲपल्टन येथील कागद-रसायन संस्थेस ते हवे होते. परंतु कृष्णवर्णीय मनुष्याने रात्री गावात मुक्काम करू नये असा त्या गावचा दंडक निघाला, आणि तेही राहिले. त्या संस्थेच्या मंडळावर ग्लिडन कंपनीचे उपाध्यक्ष ओब्रायन होते. ग्लिडन ही रंग आणि तेले बनविणारी कंपनी. शिकागो येथे तिने सोयाबीनचा मोठा कारखाना काढला होता. ओब्रायन यांनी १९३६ साली ज्युलियन यांस त्या कारखान्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख नेमले. विद्यापीठांनी नाकारलेला मनुष्य एका व्यापाऱ्याने हिशेब करून उचलला. यात उदारपणा किती आणि व्यवहार किती हे ठरविण्याची आवश्यकता नाही. पण गोऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्या संपूर्ण विभागावर कृष्णवर्णीय प्रमुख नेमणे ही त्या काळच्या अमेरिकेत ऐकिवात नसलेली गोष्ट होती, एवढे मात्र ओब्रायन यांच्या पदरात टाकले पाहिजे.

ग्लिडनमधील सुरुवातीचे काम प्रथिनांचे. सोयाबीनच्या पेंडीतून शुद्ध प्रथिन मोठ्या प्रमाणावर काढावयाचे, त्याचा लेप कागदास द्यावयाचा, रंगात घालावयाचे. त्याच प्रथिनापासून आग विझविणारा एक फेस तयार झाला. तेलाची आग पाण्याने विझत नाही. फेसाचे पांघरूण तिच्यावर घातले की हवा तुटून ती गुदमरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आरमाराने हा फेस जहाजांवर वापरला, आणि खलाशी त्यास थट्टेने 'बीन सूप' म्हणत. या एकाच वस्तूने किती माणसे जळण्यापासून वाचली असतील! परंतु ज्युलियन यांचे मन तेलातच गुंतले होते.

त्याचे कारण समजण्यासाठी स्टेरॉईड म्हणजे काय हे थोडक्यात पाहिले पाहिजे. सतरा कार्बन अणूंची चार वलये एकमेकांस चिकटून बसली आहेत अशी कल्पना करा. तीन वलये सहा-सहा कोनांची आणि चौथे पाच कोनांचे. हा झाला सांगाडा. या सांगाड्यावर येथे एक प्राणवायूचा अणू, तेथे एक दुहेरी बंध, शेवटास एखादी कार्बनची शेपटी, असे थोडेथोडे फरक केले की निसर्गाच्या हातून अगदी निरनिराळी द्रव्ये निर्माण होतात. पित्ताशयातील खड्यांत सापडणारे कोलेस्टेरॉल हे त्यांतलेच. पुरुषाचे पुरुषत्व आणि स्त्रीचे स्त्रीत्व घडविणारी संप्रेरके त्यांतलीच. आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून पाझरणारी द्रव्येही त्यांतलीच. १९३०च्या दशकात या द्रव्यांच्या रचना उलगडल्या. पण औषध म्हणून वापरावयाची तर ती आणावयाची कोठून? हजारो जनावरांच्या ग्रंथी पिळून चिमूटभर द्रव्य मिळे. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक असेच दुर्मिळ होते.

वनस्पतींत ग्रंथी नसतात; पण सांगाडा असतो. १९३४ साली जर्मनीतील बुटेनांट आणि फर्नहोल्त्स यांनी दाखविले होते की वनस्पतीतील स्टिग्मास्टेरॉलची शेपटी तोडून त्याचे प्रोजेस्टेरॉन करता येते. हे स्टिग्मास्टेरॉलच का? सोयाबीनच्या तेलात त्याच्याबरोबर सिटोस्टेरॉल नावाचे भावंड असते, आणि ते प्रमाणाने जास्त असते. परंतु स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत नेमक्या जागी एक दुहेरी बंध आहे, आणि सिटोस्टेरॉलच्या शेपटीत तो नाही. उसाच्या कांड्यावर जसे पेर असते, आणि तेथे विळा मारला की तो सहज तुटतो, तसा हा दुहेरी बंध. वलयातील दुसऱ्या दुहेरी बंधावर ब्रोमिनचे झाकण ठेवून ओझोन वायू सोडला की शेपटी बरोबर पेरावर तुटते. सिटोस्टेरॉलला पेरच नाही, मारावयाचे कोठे? म्हणून ते त्या काळी निरुपयोगी.

तेव्हा क्रिया माहीत होती. अडचण कच्च्या मालाची होती. तेलातून स्टेरॉल मोठ्या प्रमाणावर काढावयाचे कसे? तेल काही फुकट जाऊ देता येत नाही. कारखाना त्यावर चालतो. हा पेच सुटण्यास एक अपघात कारण झाला. १९४० च्या सुमारास एके दिवशी ज्युलियन यांस निरोप आला की शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलाच्या लाख गॅलनच्या टाकीत पाणी शिरले आहे आणि सारे तेल नासून तळाशी पांढरा साका बसला आहे. कारखान्याच्या दृष्टीने ही आपत्ती. ज्युलियन यांस मात्र ग्रीनकॅसलची ती कालाबारच्या तेलातील पांढरी स्फटिके आठवली. तोच पदार्थ, तेच पाणी, तीच क्रिया; फरक एवढाच की तेव्हा चिमूटभर होते आणि आता टाकीभर. पाण्याच्या योगाने स्टेरॉल तेलातून बाहेर पडतात हे कळल्यावर, तेल खाण्याजोगे ठेवून त्यातील गाळ फेसाळ, सच्छिद्र रूपात आणावयाचा आणि विद्रावकाने त्यातून स्टेरॉल शोषून घ्यावयाचे, अशी पद्धत त्यांनी बसविली. कारखान्यातून रोज शंभर पौंड मिश्र स्टेरॉल निघू लागले. त्यांपासून प्रोजेस्टेरॉन तयार झाले, आणि पहिला एक पौंड अपजॉन औषध कंपनीकडे गेला तो सशस्त्र पहाऱ्यात. त्याची किंमत सुमारे ६३,५०० डॉलर होती. अपघात सर्वांच्याच टाकीत होतात; त्या साक्याकडे पाहून त्याचे नाव सांगू शकणारा मनुष्य तेथे हजर होता, हे विशेष.

आता कॉर्टिझोनची गोष्ट. मेयो क्लिनिकचे डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवाताने खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीस अधिवृक्क ग्रंथीतील हे द्रव्य टोचले, आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९४९ च्या एप्रिलमध्ये ही वार्ता जगजाहीर झाली, आणि औषधासाठी झुंबड उडाली. औषध होते कोठे? मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातील आम्लापासून कॉर्टिझोन बनविले होते. पण त्यास छत्तिसाच्या आसपास पायऱ्या लागत, आणि प्रत्येक पायरीस माल गळत गळत शेवटी हाती फार थोडे येई. ग्रॅमला २०० डॉलर असा त्याचा भाव होता. तेव्हा कॉर्टिझोनचे पहिले संश्लेषण सॅरेट यांचे, त्याचा औषधी गुण ओळखण्याचे श्रेय हेंच आणि केंडल यांचे. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाईन यांस मिळाले.

ज्युलियन यांचे काम याहून वेगळे होते. कॉर्टिझोनच्या सांगाड्यावर दोन जागा अवघड आहेत. सतराव्या कार्बनावर एक प्राणवायूचा अणू विशिष्ट बाजूने बसवावा लागतो, आणि अकराव्या कार्बनावर दुसरा. सतराव्या जागेसाठी ऑस्मियमचे एक महाग आणि विषारी संयुग वापरीत. ज्युलियन यांनी १९४९ च्या सप्टेंबरअखेर जाहीर केले की हे संयुग टाळता येते. सोळाव्या आणि सतराव्या कार्बनांवर प्राणवायूचा एक लहानसा पूल बांधावयाचा आणि मग तो एका बाजूने उघडावयाचा. प्राणवायू आपोआप हव्या त्या जागी उरतो. या युक्तीने त्यांनी राइखस्टाईन यांनी 'एस' असे नाव दिलेले द्रव्य स्वस्तात आणि भरपूर तयार केले. 'एस' म्हणजे जवळजवळ कॉर्टिझोनच. फक्त अकराव्या जागेवरचा प्राणवायू नाही. पण तेवढ्या एका अणूच्या अभावी आमवातावर त्याचा उपयोग नाही. कुलुपात किल्ली बसते, फिरत नाही, असा तो प्रकार.

तो उरलेला अणू अखेर कोणी बसविला? माणसाने नव्हे, तर बुरशीने. १९५२ साली अपजॉन कंपनीतील पीटरसन आणि मरे यांनी दाखविले की एका बुरशीच्या वाढीत प्रोजेस्टेरॉन सोडले असता ती बुरशी नेमका अकराव्या कार्बनावर प्राणवायू बसवून देते. रसायनशास्त्रज्ञांस डझनभर पायऱ्यांत जे साधत नव्हते ते या भाकरीवरच्या बुरशीच्या बहिणीने एका रात्रीत साधले. लवकरच दुसऱ्या बुरशा सापडल्या. त्यांनी 'एस'वर तोच अणू योग्य बाजूने बसविला, आणि 'एस'चे एका पायरीत हायड्रोकॉर्टिझोन झाले. आज खाजेवर आणि त्वचेच्या दाहावर लावावयाचे हायड्रोकॉर्टिझोनचे मलम कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते. 'एस' हे त्याच्या निर्मितीचे एक मुख्य द्वार ठरले. ज्युलियन यांनी कॉर्टिझोन शोधून काढले नाही. त्यांनी शेवटच्या दारापर्यंतचा रस्ता रुंद केला. त्या दारापाशी औषध थोड्या श्रीमंतांचे राहणार की सर्वांचे होणार, हे रस्त्याच्या रुंदीवरच ठरणार होते.

याच दिवसांत घडलेली एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. १९५० साली ज्युलियन यांनी शिकागोलगतच्या ओक पार्क या उपनगरात घर घेतले. त्याच वर्षी शिकागोच्या एका वृत्तपत्राने त्यांस 'वर्षातील सर्वश्रेष्ठ शिकागोकर' म्हणून गौरविले होते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी, कुटुंब राहावयास जाण्यापूर्वीच, कोणी तरी त्या घरास आग लावण्याचा प्रयत्न केला. १९५१ च्या जूनमध्ये घराच्या दिशेने सुरुंगाच्या दारूचा स्फोट करण्यात आला. मुले घरातच होती. ज्युलियन यांच्या पत्नी ॲना याही विदुषी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या समाजशास्त्राच्या डॉक्टर. दोघांनी घर सोडले नाही. ज्युलियन रात्री घरासमोरच्या झाडाखाली बंदूक घेऊन पहारा करीत. आमवाताच्या रोग्यांसाठी 'एस' चे उत्पादन वाढविण्याचे काम दिवसा चालू होते.

सोयाबीनचे राज्य मात्र फार दिवस टिकले नाही. रसेल मार्कर नावाच्या एका विक्षिप्त रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोच्या जंगलातील एका कंदातून डायोस्जेनिन हे स्टेरॉईड काढून, त्यापासून प्रोजेस्टेरॉन सोयाबीनपेक्षाही स्वस्तात बनवून दाखविले होते. १९४४ साली त्यातून सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. गोव्यातील आणि कोकणातील श्रोत्यांस कोनफळ आणि करांदा ठाऊकच आहेत. मेक्सिकोचा तो कंद त्यांच्याच कुळातला. ज्युलियन यांनी ग्लिडनच्या चालकांस कंदाकडे वळा असे सांगितले. त्यांनी ऐकले नाही, आणि अखेर स्टेरॉईडांचा धंदाच बंद करण्याचे ठरविले. तेव्हा १९५३ च्या अखेरीस ज्युलियन बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज काढली. ज्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांस इतरत्र दार बंद होते, त्यांस तेथे टेबल मिळाले. मेक्सिकोत कंद खणण्याचे परवाने मिळेनात, तेव्हा त्यांनी ग्वाटेमालात कंद शोधले. १९६१ साली त्यांनी कंपनी सुमारे तेवीस लाख डॉलरांस विकली. सोयाबीनचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव झाले, त्याने पुरावा पाहताच सोयाबीन सोडून कंद धरला. रसायनशास्त्रज्ञाने कच्च्या मालावर प्रेम करावयाचे नसते.

१९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांस सभासद करून घेतले. त्या अकादमीत निवडले गेलेले ते दुसरे कृष्णवर्णीय आणि पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते, आणि फायसोस्टिग्माईनच्या निबंधास अडतीस वर्षे झाली होती. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या डीपॉने त्यांस अध्यापक केले नाही, तेथील विज्ञानभवनास आज त्यांचे नाव आहे, आणि १९९९ साली अमेरिकन केमिकल सोसायटीने फायसोस्टिग्माईनचे संश्लेषण हे रसायनशास्त्रातील राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. शंभरावर पेटंटे त्यांच्या नावे आहेत. परंतु १९३६ नंतर अल्कलॉईडांच्या त्या पहिल्या प्रेमाकडे त्यांस पुरते परतता आले नाही. ग्रीनकॅसलमध्ये कायमचे एक टेबल आणि चार विद्यार्थी मिळाले असते, तर रॉबिन्सन यांच्या तोडीचे आणखी काय काय उभे राहिले असते, हा हिशेब कोणत्याही पेटंटात लिहिलेला नाही.

सोयाबीनच्या त्या गाळाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. मेक्सिकोच्या कंदाचेही दिवस सरले. जंगलातील कंद विरळ झाले आणि भाव वाढला. मग संशोधक पुन्हा तेलाकडे वळले. ज्या सिटोस्टेरॉलला पेर नाही म्हणून ज्युलियन यांच्या काळी बाजूला टाकीत, त्याची शेपटी कुरतडून टाकणारे सूक्ष्मजंतू सापडले. ते सांगाड्याला धक्का न लावता शेपटी तेवढी खातात. आज जगातील स्टेरॉईड औषधांचा मोठा भाग या मार्गाने, सोयाबीन आणि तत्सम तेलांच्या गाळापासूनच तयार होतो.